मडगार्डची आतली बाजू

पहाटे साडेचार

उन्हाळ्यात रंगकाम करायचं तर अंधारातच उठावं लागतं. गोंदियात सूर्य मुंबईपेक्षा अर्धा तास आधी उगवतो आणि एप्रिलात सकाळी दहालाच पत्रा हाताला चटका देतो. अशा तापल्या पत्र्यावर गनमधून निघालेला रंग टेकायच्या आतच त्यातला थिनर उडून जातो. थेंब एकमेकांत मिसळत नाहीत, वाळल्यावर बोट फिरवलं की खरखर लागते. भर दुपारी रंग मारून मग घासत बसणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. रंग मुळातच नीट बसला पाहिजे.

शेड आमगावच्या रस्त्याला, शहर संपता संपता आहे. आल्याबरोबर आधी जमिनीवर पाणी शिंपडायचं, म्हणजे पाय पडला तरी धूळ उठत नाही. मग देवाच्या फोटोपुढे अगरबत्ती लावायची आणि तिचा धूर कुठल्या बाजूला जातो ते बघायचं. गोंदिया हे धानाचं गाव. उष्णा तांदूळ करणाऱ्या मिलींमध्ये धान उकडायला भट्टीत धानाचंच टरफल जाळतात. त्याची राख हलकी आणि काळी असते. वारा आमच्याकडे वळला की ती कुठूनही शेडमध्ये शिरते आणि ओल्या रंगावर बसली की निघत नाही. अगरबत्तीचा धूर सरळ वर गेला तर गन हातात घ्यायची. तो आडवा होऊन मागच्या भिंतीकडे झुकला, तर रंगाचा डबा न उघडता दुसरं काम धरायचं.

आज धूर सरळ आहे.

साडेपाच

ट्रॅक्टर महिंद्राचा जुना बी-275, पस्तीस हॉर्सपॉवरचा. आज त्याच्या बॉनेटचा नंबर. आतल्या बाजूने रंगवून झालेलं बॉनेट लोखंडी घोडीवर चढवून ठेवलं आहे. ट्यूबलाइट लावून याहून लवकर सुरुवात करता आली असती, पण उजेडाला पाखरं येतात आणि रंगातच अडकतात. म्हणून बाहेर फटफटीत होईपर्यंत थांबतो. तोवर पत्रा थिनरच्या फडक्याने पुसून घ्यायचा, मग चिकट फडक्याने एकदा हलक्या हाताने. पुसल्यानंतर पत्र्याला उघडा हात लावायचा नाही. घामाचा डाग प्रायमरवर दिसत नाही, पण पावसाळ्यात नेमका तिथेच रंगाला फोड येतो.

रंग पीयूचा, म्हणजे हार्डनर घालून मारायचा. प्रमाण डब्यावर छापलेलं असतं आणि ते मापाच्या ग्लासानेच घ्यायचं. हार्डनर जास्त घातला म्हणजे रंग जास्त टणक होतो, असा कारागिरांत एक समज आहे. तसं होत नाही, रंग ठिसूळ होतो आणि दगड लागला की टवका उडतो. दुसरी गोष्ट तोंडाची. या हार्डनरच्या वाफेने दमा लागतो, आणि एकदा लागला की पुढे नुसत्या वासानेही छाती भरते. तोंडाला रुमाल बांधून हा रंग मारणारी पोरं मी पाहतो तेव्हा जीव कळवळतो. माझ्या शेडमध्ये कार्ट्रिजचा मास्क लावल्याशिवाय कोणी गन उचलत नाही.

पहिला हात पातळ मारायचा, खालचा रंग दिसत राहील इतका. गन पत्र्यापासून सहा ते आठ इंच आणि सरळ. मनगट फिरवलं की मधे रंग जाड बसतो आणि कडेला उपाशी राहतो. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे आणि ट्रिगर पत्र्याच्या बाहेर गेल्यावरच सोडायचा. दहा-पंधरा मिनिटं थांबून दुसरा हात भरून. आता लाल रंग खरा लाल दिसतो आणि छताच्या कैच्या त्यात उलट्या उमटतात. बॉनेटच्या पुढच्या वळणावर रंग ओघळण्याची भीती असते, तिथे हात जरा पळवायचा.

बॉनेटचं काम संपलं की शेडची ती बाजू ताडपत्रीने बंद. दुपारपर्यंत तिकडे कोणी फिरकायचं नाही.

सात

चहा, आणि समोरच्या टपरीवरून तर्री-पोहे. सकाळची महाराष्ट्र एक्स्प्रेस कोल्हापूरच्या वाटेला लागते तेव्हा तिचा भोंगा इथपर्यंत येतो. या गाडीने आमचे किती पोरगे पुण्याला गेले. डेंटिंग-पेंटिंग शिकलेला पोरगा तिकडे मोठ्या गॅरेजात गाड्यांचे दरवाजे बदलतो. इथे बदलायला दरवाजा मिळत नाही, म्हणून इथे राहिलेल्याला ठोकायला शिकावं लागतं. माझा हेल्पर आयटीआयमधून वेल्डरचा ट्रेड करून आला आहे. टाका सुंदर मारतो. पत्रा ऐकायला आता कुठे शिकतो आहे.

आठ

काकाजी आले, मुलाला घेऊन. सालेकशाकडचे शेतकरी. हा ट्रॅक्टर त्यांच्या वडिलांनी घेतलेला. आरसी बुकात जिल्हा भंडारा आहे, कारण गोंदिया जिल्हा झाला 1 मे 1999 रोजी आणि ट्रॅक्टर त्याच्या कितीतरी आधीचा. काकाजींनी बॉनेट लांबूनच पाहिलं, हात मागे बांधून. रंगाच्या शेडमध्ये हात मागे बांधून उभा राहणारा माणूस मला फार आवडतो.

मुलाचं लक्ष मडगार्डकडे होतं. दोन्ही मडगार्ड उतरवले आहेत. उजवा ठोकून झाला आहे, डावा रंग काढून भिंतीला टेकवला आहे. खालच्या कडेला बोट जाईल अशी भोकं, वरचा भाग खोलगट.

"का जी मिस्त्री," तो म्हणाला, "नागपूरले नवे मिळतेत म्हनते. हे काहून ठोकत बसले?"

"मिळतात बाबू. आणू शकतो. पन आधी हे उचलून पाहा."

त्याने डावा मडगार्ड उचलला आणि लगेच खाली ठेवला. मग मी बाजूच्या ट्रॅक्टरचा बाजारातून आणलेला मडगार्ड त्याच्या हातात दिला. तो त्याने एका हाताने धरला. बाजारातला पत्रा पातळ असतो आणि नट-बोल्टची भोकं जागेवर येत नाहीत, मग ती कानशीने लांबवावी लागतात. लांबवलेल्या भोकात बोल्ट हलतो, आणि रस्त्याने ट्रॉली ओढताना असा मडगार्ड दिवसभर वाजत राहतो. जुन्या मडगार्डचा नव्वद टक्के पत्रा अजून धडधाकट आहे. सडला आहे तो खालचा हातभर. त्या हातभरासाठी बाकीचा भंगारात घालणं मला मान्य नाही. मजुरी थोडी जास्त पडते, हे मी आधीच सांगितलं होतं.

काकाजी मुलाला एवढंच म्हणाले, "तुह्या आजानं याच्यावर बसवून मले शाळेत सोडलं होतं."

विषय मिटला.

साडेआठ

आता दिवसातलं खरं काम.

मडगार्ड बाहेरून सडत नाही, आतून सडतो. बाहेरून ऊन लागतं, पाऊस धुऊन काढतो, मालकाचं फडकंही फिरतं. आत चाक असतं. आपल्याकडे वर्षाला 1,300 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टर सकाळपासून संध्याकाळपर्यंत चिखलणीला असतो. बांधीतला, म्हणजे धानाच्या शेतातला, चिखल चाकाबरोबर वर येतो आणि मडगार्डच्या आतल्या घडीत, जिथे पत्र्याला खालून पट्टी जोडलेली असते, तिथे बसतो. त्यात तणसाच्या काड्या असतात, खताचा अंश असतो. वरचा चिखल वाळतो पण घडीतला ओलाच राहतो, दिवाळीपर्यंत. पुष्कळ घरी ट्रॅक्टर गोठ्याच्या पडवीत उभा करतात, तिथल्या मुताची वाफ पत्र्याला वेगळीच खाते. म्हणून मी कोणताही धानपट्ट्यातला ट्रॅक्टर आला की आधी खाली बसून मडगार्डच्या घडीत स्क्रू-ड्रायव्हर घालून बघतो. बाहेरचा रंग चकचकीत असला तरी त्याचा काही भरवसा नसतो.

हेल्परला हातोडी दिली. "वाजव."

तो खालच्या कडेपासून वर हलके टोले देत गेला. सडक्या भागात आवाज बसका येतो, फस्स असा. चांगला पत्रा खणकतो. जिथे आवाज बदलला तिथे खडूची रेघ, आणि रेघेच्या अर्धा इंच वरून कापायचं. भोकापुरतंच कापलं तर टाका कुजक्या पत्र्याला लागतो. तो टाका लागताना भोक आणखी मोठं करतो, मग भोकामागे धावत बसावं लागतं.

कापलेल्या जागेचा पुठ्ठ्यावर छाप घेतला. पुठ्ठा मडगार्डच्या गोलाईवर बसवून पाहिला, कमी-जास्त केला आणि तो 16 गेजच्या कोऱ्या पत्र्यावर ठेवून खुणा केल्या. 16 गेज म्हणजे दीड मिलिमीटरहून थोडा जाड, जुन्या पत्र्याच्या बरोबरीचा. कातरीने कापून रुळाच्या तुकड्यावर लाकडी हातोड्याने गोलाई दिली. हा रुळाचा तुकडा भंगारातून मिळालेला. त्याच्या डोक्याची गोलाई आणि कडेची धार इतकी उपयोगाची आहे की माझ्या शेडमधलं सगळं गेलं तरी हा तुकडा मी सोडणार नाही.

आता ठिगळ कसं लावायचं, यावर आमच्या धंद्यात दोन मतं आहेत. जुन्या पत्र्यावर नवा पत्रा चढवून कडेने टाका मारणं सोपं. पत्रा जळत नाही, वेळ वाचतो. पण दोन पत्र्यांच्या मधे जी फट राहते तिच्यात पाणी शिरतं, आणि ज्या रोगाने मडगार्ड गेला तोच रोग आपण हाताने त्यात परत घालतो. मी पत्र्याला पत्रा टोकाला टोक भिडवूनच जोडतो. मधे वायरच्या जाडीइतकी फट ठेवायची, सीओटू वेल्डिंगची 0.8 ची वायर लावायची आणि सलग टाका मारायचाच नाही. एक ठिपका या टोकाला, दुसरा त्या टोकाला, तिसरा मधे. मग थांबायचं, हात टेकवता येईपर्यंत. हेल्परला हे थांबणं जड जातं. त्याला शाबासकी मिळाली आहे ती सरळ, लांब, माशाच्या खवल्यासारख्या टाक्यासाठी. तो जाड चॅनलवर मारायचा टाका. पातळ पत्र्यावर तसा मारला की उष्णतेने पत्रा ताणला जातो आणि वर येतो.

ठिपके भरत भरत जोड पुरा झाला, ग्राइंडरने सपाट केला. मी मडगार्ड उलटा करून आतूनही बघितलं. टाका आतपर्यंत उतरला आहे की नाही, ते तिथेच कळतं.

सव्वादहा

वरचा खोलगट भाग. तो अपघाताने आलेला नाही. आपल्याकडे मडगार्ड ही बसायची जागा आहे. बाजाराला जाताना दोघं, रोवणीच्या बायांना नेताना तीन-चार, लग्नाला तर मोजायचंच नाही. वर्षानुवर्षं माणसं बसून पत्रा ताणला गेला. ताणलेला पत्रा मधे दाबला की पक्कन आत जातो आणि सोडला की पक्कन बाहेर येतो. हातोडीने ठोकून तो बसत नाही. उलट जितका ठोकाल तितका पसरतो, कारण त्याला जागेपेक्षा जास्त अंग झालेलं असतं. त्याला आवळावंच लागतं.

गॅसची बारीक नळी लावली. खोलगट भागाच्या मधोमध रुपयाएवढा ठिपका तापवला, चेरीसारखा लाल होईपर्यंत. तापलेला भाग फुगायला बघतो, पण भोवतीचा थंड पत्रा त्याला बाजूला सरकू देत नाही, म्हणून तो जागच्या जागी जाड होऊन वर येतो. लगेच नळी बाजूला, खालून डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळी, धरली, आणि ठिपक्याच्या कडेने गोल फिरत हलके टोले दिले, शेवटी एक मधे. मग ओलं फडकं. चर्र आवाज झाला, वाफ आली, आणि फडकं उचललं तेव्हा त्या जागेचा पत्रा घट्ट झाला होता. त्याच्या चार बोटं बाजूला दुसरा ठिपका, मग तिसरा. ठिपके जवळ जवळ घ्यायचे नाहीत, नाहीतर पत्रा गरजेपेक्षा जास्त आवळतो आणि दुसरीकडे सुरकुती पडते.

हेल्परने हात ठेवून दाबलं. पक्कन आवाज आला नाही. त्याने पुन्हा दाबलं, जोर लावून. मग हसला.

या कामाला बाजारात कोणी नीट पैसे देत नाही, कारण रंगाखाली ते दिसत नाही. खोलगट जागेत बोटभर पुट्टी भरूनही वरून तसंच दिसतं आणि अर्ध्या दिवसात काम होतं. पण पुट्टीला लोखंडासारखी लवचीकता नाही. आज ना उद्या त्या मडगार्डवर माणूस बसतो, पत्रा वाकतो, पुट्टी वाकत नाही. तिला चीर पडते आणि चिरेतून पाणी आत जातं. पुट्टी फक्त शेवटच्या बारीक उंचसखलपणासाठी वापरावी, एक-दोन मिलिमीटर. पत्र्याची उणीव पत्र्यानेच भरायची, हा माझा हट्ट आहे आणि त्यापायी दोन-चार गिऱ्हाइकं गेली तरी मी तो सोडलेला नाही.

बारा

पारा बेचाळिसावर. शेड बंद. मडगार्डच्या उघड्या पत्र्यावर फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट रिमूव्हर ब्रशने लावून ठेवलं. खड्ड्या-खड्ड्यात राहिलेला गंज ते धरतं आणि पत्र्याला राखाडी कांती येते. दुपारनंतर धुऊन, लगेच वाळवून, आजच्या आज प्रायमर मारायचा. कोरडा उन्हाळा असला तरी उघडा पत्रा रात्रभर ठेवायचा नाही.

जेवणाला भात, लाखोळीचं वरण, कैरीची चटणी. तांदूळ एचएमटी. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी 1983 मध्ये आपल्या बांधीतल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या बाजूला काढून हा वाण वाढवला आणि त्या काळच्या घड्याळाचं नाव त्याला दिलं. त्याच एचएमटीने 1971 पासून पिंजोरला झेटरच्या साथीने ट्रॅक्टरही बनवले, त्यातले काही अजून आमच्याकडे येतात. अल्पशिक्षित शेतकऱ्याने नुसत्या नजरेने वाण निवडला, आणि आमच्या पूर्ण झाडीपट्टीच्या ताटात तो आला. दादाजी 2018 मध्ये गेले. त्यांना मिळायला हवं होतं त्यातलं फार थोडं त्यांना मिळालं.

जेवून तासभर आडवं व्हायचं. कुलर आहे, वीज असली तर.

अडीच

बसून करायची कामं. डिझेलमध्ये भिजत घातलेले बोल्ट काढले, त्यांचे आटे टॅप-डायने साफ केले. प्रत्येक ठिकाणचे बोल्ट वेगळ्या डब्यात, डब्यावर चिठ्ठी. डिझेलची टाकी मी ट्रॅक्टर आला त्याच दिवशी उतरवून शेडच्या बाहेर नेऊन ठेवतो. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातकी, कारण आत वाफ असते. तिला गॅस किंवा वेल्डिंग लावायला मी कोणालाही देत नाही.

पुढच्या जाळीच्या पट्ट्या एकेक करून सरळ केल्या. आणि मग कंपनीची पाटी. ही पाटी मी हळुवार काढतो, कारण तिच्या खालचा रंग हा पहिला रंग असतो. या ट्रॅक्टरवर मधल्या काळात कोणीतरी निळा रंग मारला होता, त्यावर पुन्हा लाल, तो लालही विटकरी झाला होता. पाटीखाली ऊन कधी पोचलं नाही. तिथे पॉलिशने थोडं घासलं की मूळ लाल वर आला, गडद आणि जरासा नारिंगीकडे झुकणारा. आज सकाळी बॉनेटला मारलेला रंग अशाच दुसऱ्या एका छोट्या पाटीखालून घेतलेल्या नमुन्यावरून दुकानात मिसळून आणला होता. शेजारी धरून पाहिलं. जुळला.

पाटीवर इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीचं नाव आहे. अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर, महिंद्रा अँड महिंद्रा आणि व्होल्टास यांनी मिळून 1963 मध्ये ही कंपनी काढली आणि मुंबईत कांदिवलीला बी-275 बनू लागला. मूळ मॉडेल 1958 सालचं, इंटरनॅशनलच्या इंग्लंडमधल्या शाखेचं. 1977 मध्ये ही कंपनी महिंद्रात विलीन झाली. म्हणजे काकाजींचा ट्रॅक्टर त्याच्या आधीचा, जेव्हा आपल्याकडे ट्रॅक्टर दिसला की पोरं मागे धावायची. इंटरनॅशनल हार्वेस्टरने पुढे 1985 मध्ये आपला शेती-यंत्रांचा धंदाच विकून टाकला. इंग्लंड-अमेरिकेत हे जुने लाल ट्रॅक्टर आता हौसेखातर रंगवतात, जत्रेत उभे करतात. तिथल्या कारागिरांचं काम अप्रतिम असतं यात शंका नाही. पण त्यांचा ट्रॅक्टर रंगवल्यावर सहसा नांगराला जात नाही. आमचा जून महिन्यात चिखलात उतरतो. म्हणून आतली बाजू मला बाहेरच्या बाजूपेक्षा जास्त महत्त्वाची.

चेसिस नंबर जिथे कोरला आहे तिथे कागदाची पट्टी चिकटवून ठेवली. पंधरा वर्षांनंतर ट्रॅक्टरची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते आणि त्यासाठी त्या नंबराचा पेन्सिलने कागदावर छाप घेतात. तिथे रंगाचे चार थर बसले तर आकडे बुजतात आणि मालक आरटीओत अडकतो.

साडेचार

उजव्या मडगार्डची घिसाई. हा डाव्याच्या पुढे आहे. ठोकून, प्रायमर मारून, बारीक पुट्टी लावून तयार. त्यावर काळ्या रंगाची पातळ फुंकर मारली. आता लाकडाच्या ठोकळ्याला 220 चा वॉटर पेपर गुंडाळून, पाणी घेत घेत घासायचं. उंच भागावरचा काळा आधी जातो, खोलगट भागात राहतो. काळा कुठेच राहिला नाही म्हणजे पत्रा सपाट झाला. नुसत्या बोटांनी पेपर धरून घासलं की बोटांच्या चार लांबट चऱ्या पडतात, आणि त्या रंग मारल्यावर उन्हात तिरकं पाहिलं की दिसतात. पुढे 320, मग 400. हे काम कंटाळवाणं आहे. हेल्पर मोबाईलवर गाणी लावून करतो, मी काही म्हणत नाही.

सहा

ऊन उतरलं. धुऊन कोरडा केलेला डावा मडगार्ड उलटा टेबलावर घेतला. आतल्या बाजूला इपॉक्सी प्रायमर, ब्रशने. गनने मारला असता तर लवकर झालं असतं, पण गनचा रंग घडीच्या तोंडाशीच बसतो. ब्रशने तो आत ढकलता येतो. जोडावर, पट्टीच्या दोन्ही कडांवर, बोल्टच्या भोकांच्या आतल्या कडेलाही. उद्या तो वाळला की जोडावर सीलंटची रेघ ओढायची, म्हणजे चिखलाला घडीत शिरायला वाटच राहणार नाही.

एक गोष्ट मी कंपनीच्या मूळ बनावटीपेक्षा वेगळी करतो. खालच्या घडीत, सगळ्यात सखल जागी, पेन्सिल जाईल एवढी तीन भोकं पाडतो. पाणी तिथून गळून जातं. मडगार्डच्या आत कितीही रंग लावा, पाणी साचून राहिलं तर तो एक दिवस हरतोच. मूळ आराखड्याला हात लावू नये असं मानणारे लोक आहेत, त्यांचा मला आदर आहे. पण इंग्लंडात आखलेल्या या मडगार्डला आमच्या बांधीत उतरायचं आहे, आणि आपल्याकडचा चिखल मी रोज बघतो.

साडेसात

पेंटरबाबा आले. दिवाळीनंतर होळीपर्यंत त्यांना सवड नसते. झाडीपट्टीच्या नाटकांचे बोर्ड आणि पडदे रंगवायला वडसा-देसाईगंजकडे असतात. उन्हाळ्यात ट्रॅक्टर, ट्रॉल्या आणि दुकानांच्या पाट्या. बॉनेटवरचा मजकूर आज लिहायचा नाही, रंग अजून कोवळा आहे, पण त्यांनी बॉनेटच्या बाजूची लांबी सुतळीने मोजून घेतली आणि कागदावर अक्षरांची मांडणी केली. बाजारात मॉडेलच्या नावाचे स्टिकर मिळतात. त्यांची कड दोन उन्हाळ्यांत उचलते. ब्रशने लिहिलेलं अक्षर रंगाबरोबर राहतं. मागच्या बाजूला काय लिहायचं ते काकाजींनी सांगून ठेवलं आहे, त्यांच्या आईचं नाव, एवढंच.

"जाड लिहू का बारीक?" बाबांनी विचारलं.

"मागून येणाऱ्याला वाचता आलं पाहिजे."

त्यांनी मान हलवली आणि रेघा आखायला घेतल्या.

साडेआठ

कॉम्प्रेसरच्या टाकीखालची चावी उघडली. दिवसभर दाबलेल्या हवेतलं पाणी तळाशी जमा होतं. ते रोज काढलं नाही तर नळीतून गनमध्ये येतं आणि रंगात पुळ्या उठतात. एप्रिलात कपभर निघतं, पावसाळ्यात तांब्याभर.

काकाजींचा फोन आला. रोहिणी लागायच्या आत ट्रॅक्टर घरी पाहिजे, नांगरणी आहे. सांगितलं, मिळेल. मग हळूच म्हणाले, "मिस्त्री, मडगार्डले एक दांडी लावून देजा जी, धराले. बाया बसतेत."

दांडीला मी नाही म्हटलं. दांडी लावली की चौघांच्या जागी सहा जणं बसतात. बांधीच्या धुऱ्यावरून ट्रॅक्टर उतरताना झटका बसला की मडगार्डवरचा माणूस थेट मागच्या चाकापुढे पडतो, आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्याला ते दिसायच्या आत सगळं झालेलं असतं. बायांना न्यायचं तर ट्रॉली लावा आणि हळू चालवा, एवढं मी स्पष्ट बोललो. ते थोडा वेळ गप्प होते.

"बसनारे बसतेच जी," ते म्हणाले.

तेही मला माहीत आहे. म्हणून खालून 25 बाय 5 ची आडवी पट्टी दोन्ही मडगार्डना देणार आहे, पत्रा पुन्हा खाली जाऊ नये यासाठी. दांडी नाही. उद्या सकाळी डाव्याच्या आतल्या बाजूला सीलंट, उजव्याला सर्फेसर, आणि धूर सरळ असला तर जाळीला रंग.